वाढीव पाटा

पत्रकं मी पुष्कळ लिहिली. विड्या वळणाऱ्या बायकांसाठी लिहिली, नळाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांसाठी लिहिली, आणि दर वेळी कुणीतरी मला सांगितलं की पोरी, जरा मवाळ लिही. मवाळ मला येत नाही. पण सख्ख्या मामाच्या गॅरेजच्या दारावर खळ लावून मी जे पत्रक चिकटवलं, त्याच्याइतकं खरं मी दुसरं काही लिहिलेलं नाही. त्याचा मथळा दोनच शब्दांचा होता : 'पाटा काढा'.

मामाचं गॅरेज अक्कलकोट रोडला. गिऱ्हाईक सगळं ट्रकवाल्यांचं आणि टॅक्सीवाल्यांचं. गाडीच्या मागच्या बाजूला, चाकांच्या आत, पोलादी पट्ट्यांची एक चळत असते. वरची पट्टी लांब, खालच्या आखूड होत गेलेल्या. गाडीचा सगळा भार आणि रस्त्याचा सगळा मार ती चळत खाते. तिच्या एकेका पट्टीला पाटा म्हणतात. आमच्याकडे नवी गाडी आली की आधी तिला हळदकुंकू लागतं, लिंबू बांधलं जातं, आणि तिथून ती थेट मामाकडे येते. मामा तिला एक पाटा वाढवून देतो. कंपनीनं दिलेले पाटे पुरेसे आहेत असं मानणारा माणूस मी सोलापुरात पाहिला नाही. रस्ता खराब आहे, पाटा वाढवा. माल जास्त आहे, पाटा वाढवा. पाहुणे जास्त आहेत, तरी पाटाच वाढवा. या एका कामासाठी मामाचं नाव कुर्डुवाडीपर्यंत होतं.

आणि अशा माणसाच्या हाती स्पोर्ट्स कार लागली. गिरणीतल्या कुणा साहेबानं गाव सोडताना ती शेडमध्ये टाकून दिली होती. लाल, विलायती, दोनच सीटा, टपाच्या जागी फाटकं कापड, आणि जमिनीला इतकी लागून की तिच्यात बसायचं म्हणजे पाटावर जेवायला बसल्यासारखं. मामानं तिचं इंजिन उभं केलं. वायरिंग सगळं मी केलं. मामाची टॅक्सी चालवून चालवून माझा हात बसला होता. तेव्हा मामा गॅरेजमधल्या सगळ्यांसमोर म्हणाला होता की ही गाडी शर्यतीत उतरली तर माझी भाचीच चालवणार. तो शब्द मी धरून ठेवला.

शर्यत म्हणजे फार मोठं काही नाही. गावातल्या मोटारवाल्यांचा एक क्लब होता. गिरणीमागच्या मुरमाच्या मैदानावर ते लोखंडी ड्रम मांडायचे आणि त्यांना वळसे घालत गाड्या पळवायचे. आधी एक चाचणी व्हायची. गाडी आणि चालवणारा, दोघंही त्यात पसंत पडावी लागत.

माझ्या चाचणीला पहिल्या ड्रमपर्यंत सगळं ठीक झालं. वळण घेतलं आणि गाडीचा मागचा भाग बेडकासारखा उडाला. आतलं चाक जमीन सोडून वर. दुसऱ्या ड्रमला तेच. तिसरा ड्रम मी पाडला. धुरळा खाली बसला तेव्हा क्लबचे सेक्रेटरी, पांढरी पॅन्ट घातलेले गृहस्थ, चालत आले आणि माझ्या डोक्यावरून मामाशी बोलले. म्हणाले, "गाडी फर्स्ट क्लास आहे. पण ही बाईमाणसाच्या हातातली गोष्ट नाही. येत्या रविवारी पुन्हा या, दुसरा ड्रायव्हर घेऊन."

मी तिथंच बसले होते, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, तोंडात मुरूम. माझ्याशी एक शब्द नाही.

म्हणजे आता प्रश्न एवढाच होता. दोष गाडीच्या पाट्यांत आहे की माझ्यात? रविवारपर्यंत मला हे दाखवून द्यायचं होतं. नाहीतर पुढची कित्येक वर्षं गावातल्या कुठल्याही मुलीनं चावी मागितली की लोक माझंच उदाहरण देणार होते.

उपाय सुचवायला सगळे पुढे आले. मामीनं जेवता जेवता सांगितलं, "मागं दोन पोती वाळू टाका की. वजन पडलं की बसंल गप." क्लबातल्या एका कापडवाल्या पेढीचा मुलगा गॅरेजला येऊन गेला. त्याच्याकडे मुंबईहून मागवलेले शॉकअप होते, म्हणजे उडणाऱ्या गाडीची उसळी जिरवणारी नळकांडी. नवे कोरे, हवे तसे कडक-नरम करता येणारे. देतो म्हणाला, गाडीला बसवून देतो, आणि रविवारी मीच चालवतो. मामा ते हातात घेऊन उलटंसुलटं करत राहिला, लहान मुलासारखा. मी ते त्याच्या हातातून काढून पेटीत घातले आणि पेटी त्या मुलाच्या हातात दिली. चहा मात्र पाजला.

खरं तर मला शॉकअप नकोच होते असं नाही. कुणाला नको असतील? पण त्यांच्याबरोबर जो ड्रायव्हर येत होता तो मला नको होता.

मग मी डोकं लावलं. गाडी तयार झाली तेव्हा आम्ही ती कशी पारखली होती? हुरड्याला नेऊन. दोन सीटांच्या गाडीत मामा, मामी, मी, मामाची तिन्ही पोरं, आणि मागच्या डिकीवर पाय सोडून मामीचे वडील. वर शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणि दह्याचं मडकं. मामानं सवयीनं दोन्हीकडे एकेक पाटा आधीच वाढवलेला होता. शेतापर्यंत गाडी अशी गेली की मडक्यातलं दही हललं नाही. सगळे म्हणाले, काय गाडी बसवलीय. आणि त्याच बसवलेल्या गाडीत चाचणीला मी एकटी बसले होते.

मी मामाला विचारलं, "मामा, ही गाडी तू एकट्यानं कधी चालवलीस?"

मामानं विचार केला. चालवली नव्हती. आमच्या गावात रिकामी गाडी चालवून बघायची पद्धतच नाही. गाडी निघाली की कुणीतरी हात करतो, कुणालातरी स्टँडवर सोडायचं असतं, आणि दोन जागांत सात माणसं बसतात. त्या सातांच्या हिशेबानं घातलेले पाटे माझ्या एकटीच्या वजनाखाली वाकतच नव्हते. ते मला फेकून देत होते.

"तर मग पाटा काढ," मी म्हटलं.

मामाचा चेहरा उतरला. त्यानं मला सावकाश सांगितलं की आजवर या गॅरेजातून एकाही गाडीचा पाटा काढलेला नाही. इथं पाटे वाढतात. उद्या ट्रकवाल्यांना कळलं की इथं पाटे काढतात, तर ते म्हणतील मालकाचं डोकं फिरलं, आणि समोरच्या गॅरेजात जातील. त्याला राग नव्हता आला. त्याला भीती वाटत होती, आणि मला ती दिसत होती. पण भीतीपुढे गप्प बसायचं, तर मग पत्रकं लिहायची कशाला?

विड्यांच्या मोर्च्याची जुनी पत्रकं घरात पडली होती. त्यातल्या एकाच्या कोऱ्या बाजूला मी शाईनं लिहिलं. गाडी दोघांची, पाटे सातांचे, हा न्याय कुठला? रस्ता सुधारायचा नाही, ओझं कमी करायचं नाही, खाली जो आहे त्यालाच आणखी कडक करत जायचं, हे किती दिवस चालणार? शेवटी लिहिलं की मागणी मान्य होईपर्यंत लिहिणारी याच दारात बसेल. आणि बसले. टायरवर.

सकाळी ट्रकवाले जमले. ज्याला वाचता येत होतं त्यानं मोठ्यानं वाचलं, बाकीच्यांनी ऐकलं. हसले, चहा मागवला, पुन्हा वाचायला लावलं. कुणी म्हणालं, मामा, घरातच संप झाला की. मग अक्कलकोटकडचा एक ड्रायव्हर माझ्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "अक्का, आमच्या ट्रकचा बी एक पाटा काडायला सांगा की. पाटा वाडला की मालक पोती वाडवतोय. गाडी रातभर रेंगाळती, झोप मोडती ती आमची."

हशा झाला, पण अर्धाच. दोघं-तिघं हसले नाहीत. मामा आत पाने पुसत होता. तो हसला नाही, आणि त्यानं पत्रकही फाडलं नाही.

दुपारी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "काड," म्हणाला. "पर मी हात लावनार न्हाय. तुजं तू काड."

मी काढला. गाडी जॅकवर घेतली, खाली आडवी झाले. चळत आवळून धरणारे बोल्ट मामानं असे पिळले होते की पान्याला पाइप लावून त्यावर उभं राहावं लागलं. माझ्या अंगठ्याचं नख त्यात चेपलं. दोन्हीकडचे वाढीव पाटे सुटले तेव्हा गाडी मागून चार बोटं खाली बसली. आता ती दिसायला पुन्हा विलायती झाली.

उसळी मात्र थोडी राहिली होती. त्या जुन्या गाडीचे शॉकअप म्हणजे तेलाचे डबेच. तेल दाट घातलं की ते कडक होतात. मी इतकं दाट घातलं की रस्त्यावरची काडीपेटीसुद्धा पाठीला कळली. मग पातळ मिसळलं, पुन्हा दाट केलं. रविवारपर्यंत रोज कुंभारी गावापर्यंत जायचं आणि यायचं, एकटीनं. वाटेत हात करणाऱ्या एकालाही घेतलं नाही. त्यात आमचे दोन शेजारी आणि एक दूरचे काका होते. काका अजून बोलत नाहीत. न बोलोत.

रविवारी मी एकामागून एक सगळे ड्रम घेतले. मागची दोन्ही चाकं जमिनीला चिकटलेली. शेवटच्या वळणाला मी मुद्दाम जास्त वेगानं गेले, आणि गाडी नुसती बाजूला घसरून सरळ झाली.

सेक्रेटरी पुन्हा चालत आले. पुन्हा मामाशीच बोलले. "वा, गाडी सुधारली. शर्यतीत कोण चालवणार?"

मी दार उघडलं नाही. हात स्टिअरिंगवरच ठेवले. मामानं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या काळ्या पडलेल्या नखाकडे.

"साहेब, गाडी तीच हाय, चालवनारी बी तीच हाय. मागल्या टायमाला चूक माजी हुती, पाटा मी वाडवला हुता. तिनं काडला. लिवा नाव तिचं."

चारचौघांत आपलं चुकलं असं म्हणताना मामाला मी तोवर ऐकलं नव्हतं. सेक्रेटरींनी खिशातून पेन काढलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळून विचारलं, नाव काय. मी सांगितलं. मोठ्यानं, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं.

शर्यतीत मी चौथी आले. पुढचे तिघे मुंबईच्या शॉकअपवर होते. त्या पेढीच्या मुलाच्या मागे राहिल्याचं मला वाईट वाटलं, आणि वाटलं नाही असं सांगणार नाही. पण मी एकही ड्रम पाडला नाही, आणि बाईमाणसाला झेपत नाही असं त्या दिवशी कुणी म्हणालं नाही. निदान माझ्यासमोर तरी नाही.

मामा अजून ट्रकांना पाटे वाढवतो. त्यावरून आमचं भांडण चालू आहे आणि चालूच राहील. काढलेले ते दोन पाटे त्यानं गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेत. परवा ज्वारी हुरड्याला आली तशी मामीनं विषय काढलाच. "अगं, तेवढ्यापुरता टाक की पाटा. सगळ्यांनी जायचंय."

म्हटलं, दोन खेपा करा.