अकरा नटांची दांडी

सावद्याजवळच्या एका शेती संशोधन केंद्रात जीवराम फेगडे नऊ वर्षं हंगामी सहायक होता. १९८९ साली साहेबांनी त्याला केळीवरच्या एका फवारणीचे अकरा ठिकाणचे प्रयोग एकत्र करून शेतकऱ्यांना समजतील असे मांडायला सांगितले. जमलं तर कायम करण्याची शिफारस होणार होती.

जीवरामने मधोमध टांगलेली लोखंडी दांडी केली. प्रत्येक प्रयोगाचा एक नट. प्रयोग मोठा तर नट जड. उत्पन्न वाढलं तर नट उजवीकडे, घटलं तर डावीकडे. दांडी कलेल तो सगळ्यांचा मिळून निकाल. नट काढून बघायची सर्वांना मुभा होती. दांडी उजवीकडे कलली आणि साहेब प्रसन्न झाले.

शेतकरी मेळाव्यात धुरपदाबाईंनी सर्वांत जड नट काढला. दांडी आडवी सरळ झाली.

"भाऊ, हा कोनाचा प्रयोग?"

"साहेबांचा, अक्का."

"मंग बाकीच्या दहांनी काय हवा खाल्ली?"

मांडव हसला. साहेबांनी जीवरामला केबिनमध्ये घेतलं.

"साहेब, नट काढू देऊ नको का?"

साहेब लोकशाहीवादी होते. "काढू दे की. आधी तो नट परत लाव, मग दांडी तेवढी कलेल तशी वेल्डिंग करून घे."

जीवरामने घेतली. धुळ्याच्या प्रदर्शनात साक्रीकडच्या वना आबांनी एकेक करत अकराही नट काढले.

"बठ्ठा नट काढी टाकात, तरी दांडी वाकडीच शे!"

"यालाच पक्का निष्कर्ष म्हणतात, आबा," साहेब म्हणाले.

जीवराम खाली बसून नट गोळा करत राहिला. त्याच आठवड्यात त्याची कायम केल्याची ऑर्डर निघाली.