उंबराचा खिळा

देवराम सकाळी फिरायला निघायचा तेव्हा त्याच्या कापडी पिशवीत एक पकड असायची. वर्तकनगरातून उपवनच्या तळ्याकडे आणि तिथून येऊरच्या डोंगराच्या पायथ्याला. पण त्याची वाट कधी सरळ नसायची. एक झाड त्याला दुसऱ्याकडे पाठवायचं, दुसरं तिसऱ्याकडे, आणि उन्हं वर आली की आपण कुठवर आलो हे त्याला सावल्यांवरून कळायचं.

आंबिवलीच्या एका कारखान्यात त्याची उमर फिटर म्हणून गेली. कारखाना बंद पडला आणि हात रिकामे झाले. मग एकदा तळ्याकडे जाताना त्याला गुलमोहराच्या बुंध्यावर शिकवणीच्या जाहिरातीची पाटी दिसली. पाटीवर काय लिहिलं होतं ते त्यानं वाचलंच नाही. त्याला चार कोपऱ्यांतले चार खिळे दिसले. आपल्या घरातली वस्तू परक्याच्या घरात सापडावी तसा तो ओशाळला. दुसऱ्या दिवशी पकड घेऊन गेला.

"आधी ठोकत होतात, आता उपटताय," बायको रमाबाई म्हणायची. "लोखंड काही तुम्हाला सोडत नाही."

खिळा निघाला की तो भोकावर तळहात ठेवून उभा राहायचा. झाड काहीच करायचं नाही. मग फार खालून, मुळांच्याही खालून, एक गारवा सावकाश वर यायचा आणि त्याच्या मनगटापर्यंत पोचायचा. निदान त्याला तसं वाटायचं. त्यासाठीच तो जायचा.

डोंगराच्या पायथ्याला चाळीमागे एक उंबर होता. त्याच्या सालीत एक खिळा जवळजवळ बुडाला होता, टोपी तेवढी वर. झाडानं त्याच्याभोवती ओठ मिटून घेतले होते. देवराम बराच वेळ झटला. बाहेर आला तो दुकानातला खिळा नव्हता, लोहारानं घडवलेला होता, काळा आणि जाड. याच्यावर तर पाटीही नव्हती, असं त्याच्या मनात आलं. पण भोकातून पांढरा चीक ओघळला आणि तो विचार त्यातच विरघळून गेला.

दोन दिवसांनी त्याच झाडाखाली एक बाई त्याची वाट बघत उभी होती. चाळीतली रखमाबाई. मूळची कोकणातली, पदर कमरेला खोचलेला.

"ते खिळेवाले तुम्हीच ना?"

"हो."

"उंबराचा तुम्ही काढलात?"

"काढला की! फार खोल गेलेला, बाई."

"कुणाला विचारून?"

"झाडाचा खिळा काढायला कुणाला विचारायचं?"

"मला. तो माझा होता."

मग ती थांबत थांबत सांगू लागली. तिचा सुदेश लहान असताना झोपेत किंचाळत उठायचा. गावाकडून देवऋषी आला. पोराच्या अंगावरची पीडा त्यानं उतरवली आणि या उंबराला खिळून टाकली. त्या दिवसापासून सुदेश शांत झोपला, मोठा झाला, नोकरीला लागला. आणि कालपासून तो तापानं फणफणला होता.

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं. व्हायरल म्हणाला. त्याला काय ठाऊक माझ्या घरचं? तुम्ही सोडलीत ना ती पीडा मोकळी? ठोका परत. काढलात तिथंच."

देवरामच्या बापानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच दिवशी घरातले गंडेदोरे उल्हास नदीत सोडले होते. 'असं काही नसतं, बाई' हे वाक्य देवरामच्या ओठांवर आलं. पण रखमाबाईची बोटं उंबराच्या त्या भोकावरून फिरत होती. तिच्याजवळ एकच पोर होतं आणि त्याची सगळी राखण इतकी वर्षं या झाडाकडे होती. ती देवरामनं काढून नेली होती. त्यानं वाक्य गिळलं.

काळा खिळा अजून पिशवीतच होता. त्यानं तो भोकावर धरला आणि खालचा दगड उचलला. चीक वाळला होता, झोपलेल्या तान्ह्याच्या ओठांच्या कडेला दूध वाळतं तसा. दगड वरच राहिला. हात खाली येईना.

"झाडाला नको," तो म्हणाला. "माझ्या दाराच्या चौकटीला ठोकतो. सागवान आहे. मेलेलं लाकूड, त्याला दुखत नाही."

"आणि ते तुमच्या घरात शिरलं तर?"

"शिरू दे. आमची ही आहे घरात. तिच्यापुढे कोण टिकतंय?"

रखमाबाईला हसू आलं, तिनं ते पदराआड दाबलं. "मी बघायला येणार. डोळ्यांनी."

"या. चहा घ्या."

दुपारी ती खरंच आली आणि उंबरठ्याबाहेर उभी राहिली. रमाबाईनं सगळं ऐकून घेतलं. नवऱ्याकडे बघितलं, खिळ्याकडे, मग दारातल्या त्या ओढलेल्या चेहऱ्याकडे.

"अहो, जरा वर ठोका," ती म्हणाली. "छत्री अडकवता येईल."

"अगं बाई!" रखमाबाई दचकली. "त्याच्यावर छत्री?"

"मग काय! इथं राहायचं तर कामाला लागायला नको? आत या, चहा ओततेय."

सुदेशचा ताप उतरला. गोळ्यांनी की खिळ्यानं, हे कुणी कुणाला विचारलं नाही. आता सकाळी डोंगराच्या वाटेवर दोघं दिसतात. रखमाबाईच्या हातात वाडगा असतो, त्यात हळद घालून कालवलेली माती. देवराम खिळा काढतो, ती बोटानं भोक लिंपते. उंबरापाशी तेवढी ती चप्पल काढून उभी राहते.

देवराम मात्र आता पकड लावण्याआधी थांबतो आणि मोठ्यानं विचारतो, "हा कुणाचा आहे का हो?"

रिक्षावाले हसतात. "माझा आहे, काका! घेऊन जा!"

तरी तो थांबतो. पानं हलायची थांबेपर्यंत, सालीला कान लावून.