चौथ्या फडाचं पाणी

दोन हजार तेवीस साल. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होतो आणि पांझरेच्या आमच्या काठावर पाण्याबद्दल माझ्यापेक्षा जास्त कळणारा माणूस उरलेला नव्हता. ही फुशारकी नाही. जे होते ते वारले, मी उरलो. शाळा चौथीपर्यंत. तीही पूर्ण नाही, कारण चौथीच्या परीक्षेच्या दिवशी वडिलांनी मला पाण्याच्या पाटावर उभं केलं. पुढे मोठेपणी मी अठ्ठावीस वर्षं गावाचा पाटकरी होतो.

त्या साली माझी नात माझ्याकडे राहायला आली. मुलीची मुलगी. घर पाचोऱ्याला, शिक्षण जळगावात, आणि नोकरी धुळ्याच्या एका कॉलेजात, तीही तासावारी. जितके तास शिकवलं तितके खरे, सुट्टी लागली की घरी. भूगोलाची डॉक्टर झाली होती. गावात मी सांगितलं की नात डॉक्टर झाली, तर दोन बायका गुडघे दाखवायला आल्या. तिने त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

तिला आमचे फड कागदावर उतरवायचे होते. पिंपळनेरपासून खाली नदीवर जागोजागी जुने दगडी बंधारे आहेत. आमच्या बंधाऱ्याखालच्या जमिनीचे चार मोठे तुकडे, त्याला आम्ही फड म्हणतो. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. गहू म्हणजे सगळ्यांचा गहू. पाणी कोणीही आपल्या हाताने घ्यायचं नाही. सगळ्यांच्या शेतात पाणी लावणार तो पाटकरी, शेतमालकाने फावड्याला हातही लावायचा नाही. आणि आमच्या गावाचा पक्का नियम असा, की पाणी शेपटाकडून लावायचं. पाटाच्या शेवटी ज्याचं शेत त्याला पहिलं, मग एकेक करत वर यायचं. तोंडाजवळच्याला पाणी दिसत राहतं, म्हणून त्याने थांबायचं.

हे सगळं मी तिला महिनाभर सांगितलं. ती फोनवर खुणा करत पुढे चालायची, मी काठी टेकत मागे. कधी मी पुढे. जिथे पाट बुजून त्यावर घरं झाली तिथेही मी तिला डोळे मिटून वळण दाखवलं, आणि संध्याकाळी तिने वरून काढलेल्या फोटोशी ताडून पाहिलं तर वळण तिथेच. ती म्हणाली, नाना, उपग्रहाला जे अर्धवट दिसतं ते तुम्हाला पूर्ण दिसतं. मी म्हटलं, उपग्रह कधी चिखलात उभा राहिलाय का?

दर गुरुवारी दुपारी साडेचारला ती कॉम्प्युटर उघडून ओसरीवर बसायची. जगभरच्या नव्या भूगोलवाल्यांचं एक मंडळ होतं, त्यात तिचं नाव लागलं होतं. केनियाचा एक मुलगा, मोरोक्कोची एक मुलगी, नेपाळचा एक, असे आठदहा जण. सगळे नुकते शिकून बाहेर पडलेले, सगळ्यांच्या नोकऱ्या हिच्यासारख्याच अधांतरी. मंडळाने प्रत्येकाला एकेक मुरलेला माणूस जोडून दिला होता. हिच्या वाट्याला स्पेनची एक बाई आली. माझ्याहून दहाबारा वर्षांनी लहान, पांढरे आखूड केस, मागे पुस्तकांचं कपाट आणि त्यावर झोपलेलं मांजर. नात तिला मेंटॉर म्हणायची, मी मास्तरीण म्हणायचो.

मला ते पटलं नव्हतं. जिने पांझरा पाहिली नाही ती हिला पांझरेबद्दल काय शिकवणार? आणि हे फुकट कशाला करते? नात म्हणाली, तिलाही तरुणपणी कोणीतरी असंच शिकवलं होतं, म्हणून करते. मी बाजेवर पडून कान देऊ लागलो. इंग्रजी मला येत नाही, पण माणूस कसा बोलतो ते कळतं. बाई कधी चूक म्हणायची नाही. विचारायची. हिने सांगितलं की पुन्हा विचारायची. हिचा कागद हातात घेऊन स्वतः एक ओळ लिहायची नाही.

माझा गुरूही तसाच होता. माझ्याआधीचा पाटकरी. मला पाटाच्या फाट्यावर उभं करून विचारायचा, इथे तोंड फोडलं तर पाणी कुठे जाईल? मी सांगायचो. मग म्हणायचा, फोड. चुकलं की अख्खं वावर तळं व्हायचं, पण त्याने माझ्या हातातलं फावडं कधी घेतलं नाही. हे मी नातीला सांगितलं तर तिने ते बाईला सांगितलं, आणि बाई पडद्यातून माझ्याकडे बघून हसली. त्यांच्या मुलखातही जुने पाट आहेत, पाळीने पाणी देणारा माणूस आहे, असं म्हणाली. तेव्हापासून मी गुरुवारी सदरा बदलून बसायला लागलो. बायको असती तर तिने टोमणा मारल्याशिवाय सोडलं नसतं.

आता खरी गोष्ट. पावसाळा सरता सरता सगळ्यांनी आपापलं काम मंडळापुढे वाचून दाखवायचं होतं. त्यातून चारपाच जणांना निवडून पाच देशांतल्या जुन्या पाटांवर दोन वर्षं एकत्र काम मिळणार होतं. नातीला ते हवं होतं. ती बोलायची नाही, पण कॉलेजातून फोन आला की तास कमी झाल्याचा असायचा, आणि ती फोन ठेवून बराच वेळ नकाशाकडे बघत बसायची.

तिच्या लिखाणात एक जागा होती, चौथा फड. चौथा फड नाल्याच्या पलीकडे, पाटाच्या शेपटाला. तो केव्हाच बाकीच्या फडांतून फुटला, तिथे सगळ्यांच्या विहिरी आहेत. तिने लिहिलं होतं की विहिरी आल्या, लोकांना एकत्र पाण्याची गरज उरली नाही, म्हणून ते फुटले. हे मीच सांगितलं होतं, आणि चाळीस वर्षं गावालाही हेच सांगत आलो होतो.

एका गुरुवारी बाईने विचारलं, विहिरी आधी की पाणी बंद आधी?

नातीने मला विचारलं. मी म्हटलं, विहिरी आधी. बाईने विचारलं, हे कशावरून? नात म्हणाली, आजोबा पाटकरी होते. बाई म्हणाली, चांगलं, पण पाणी देणाऱ्याने सांगितलं ते झालं. ज्यांना द्यायचं होतं त्यांना विचारलंस का?

दुसऱ्या दिवशी नात नाल्यापलीकडे जायला निघाली. तिथे माझ्याच वयाचा एक म्हातारा राहतो. चौथीपर्यंत माझ्या शेजारी बसलेला, आणि चाळीस वर्षं माझ्याशी न बोललेला. मी दारात आडवा उभा राहिलो. म्हटलं, त्याच्या ओट्यावर माझी नात चढणार नाही.

ती माझ्यावर गेलीय, हट्टी. पण भांडली नाही. वही ठेवली आणि म्हणाली, "तुम्ही नको म्हणताय तर नाही जात, नाना. पण मग ते वाक्य मी ठेवणार नाही. एका बाजूचं ऐकून लिहिलेलं मला वाचता येणार नाही."

मला वाटलं, काढू दे, एका वाक्याने काय बिघडतं? पण त्या वाक्याच्या जागी तिने काय लिहिलं ते पुढच्या गुरुवारी कळलं. चौथा फड का फुटला ते मला माहीत नाही, असं लिहिलं होतं. बाईला ते आवडलं. म्हणाली, माहीत नाही असं लिहायला धीर लागतो. निवड करणारे मात्र तिथेच बोट ठेवतील, तयारी ठेव.

मला चार दिवस अन्न गोड लागलं नाही. माझ्या फडाबद्दल, माझ्या रक्ताची पोर, पाच देशांच्या लोकांपुढे सांगणार की मला माहीत नाही. आणि ज्याला ते माहीत आहे तो मी ओसरीच्या बाजेवर पडलेला.

माझ्या पाटकरीपणाच्या सातव्या वर्षी पुरात बंधारा एका अंगाने फुटला होता. डागडुजी केली, पण पाणी धरेना. त्या वर्षी पहिल्या आणि चौथ्या फडात गहू होता. पहिलं पाणी नेहमीसारखं शेपटाकडून लावलं. दुसऱ्या पाण्याला नदी निम्मी झाली. मी हिशेब केला, एवढ्या लांब पाट अर्धं पाणी पिऊन टाकेल, त्यापेक्षा तोंडाजवळचं आधी भिजवू आणि उरेल ते खाली नेऊ. कोणाला विचारलं नाही. माझं डोकं चालतं याचा मला फार गर्व होता. आणि उरलं नाही. चौथ्या फडाचा गहू ओंबीत आला तसा उभा वाळला.

पंचांपुढे मला विचारलं तेव्हा मी सांगितलं की पाणी शेपटापर्यंत गेलं होतं, गहू रोगाने गेला. तो म्हातारा, तेव्हा तरणाबांड, उभा राहून एवढंच म्हणाला, "पानी उनंच नही." पाणी आलंच नाही. पण आमच्याकडे पाण्याच्या बाबतीत पाटकऱ्याचा शब्द शेवटचा. पंचांनी माझा शब्द उचलला. पुढच्या उन्हाळ्यात नाल्यापलीकडे पहिली विहीर खणायला लागले.

वाचायचा दिवस आला. ओसरीवर कॉम्प्युटर, समोर वीसेक चौकोनांत वीसेक चेहरे. माझी खुर्ची नातीच्या बाजूला, चित्रात न येईल अशी. ती छान वाचत होती. अधूनमधून आमचेच शब्द ऐकू यायचे, फड, पाट, पाटकरी. नेपाळचा मुलगा पाणी शब्द आला की मान डोलवायचा. मग नकाशावर तिचा बाण नाल्यापलीकडे गेला आणि तिचा आवाज उतरला. ते वाक्य आलं असं मी ओळखलं.

केनियाच्या मुलाने काहीतरी विचारलं. ती थांबली. मी विचारलं, काय म्हणतो? ती पडद्याकडेच बघत हळू म्हणाली, "विचारतोय, हे सांगणारं गावात कोणी उरलं नाही का?"

तिने माझ्याकडे पाहिलं असतं तर कदाचित मी उठून आत गेलो असतो. तिने पाहिलं नाही. मी खुर्ची सरकवली आणि चित्रात आलो.

"माले माहीत शे," मी म्हटलं. "सांग त्यांना. मी सांगतो तसं सांग."

मी एक वाक्य बोलायचो, थांबायचो, ती इंग्रजीत सांगायची. तोंडाजवळ आधी पाणी लावलं, हे सांगितलं. पंचांपुढे खोटं बोललो, हे सांगितलं. पाणी आधी बंद झालं, विहिरी नंतर आल्या, हे सांगितलं. मऊ करून तिने एकही वाक्य सांगितलं नाही. मला इंग्रजी येत नाही, तरी माझं वाक्य जेवढं लांब तेवढंच तिचं, हे मी मोजत होतो.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते बरं झालं. मास्तरणीने चष्मा काढला आणि थेट मला विचारलं. नातीने सांगितलं, "विचारते आहे, हे पलीकडच्या लोकांना तुम्ही सांगितलंय का?"

मी म्हटलं, नाही.

बाईने चष्मा पुन्हा लावला. मग नातीला म्हणाली, वाक्य लिहायची घाई करू नकोस, आधी ते तिथे पोचू दे. कागदावर नंतर आलं तरी चालेल.

मी नातीला म्हटलं, तिला सांग, नियम मला शिकवू नको, शेपटाकडून लावायचं हे मला माहीत आहे. नातीने ते सांगितलं की नाही कोण जाणे. पण बाई हसली, आणि मांजर कपाटावरून उठून गेलं.

नातीची निवड झाल्याचं पत्र पंधरा दिवसांनी आलं. पुढच्या वर्षी ती मोरोक्कोला जाऊन आली, आणि आता दर गुरुवारी तीच एका नव्या मुलीला प्रश्न विचारत बसते. पण त्या संध्याकाळी यातलं काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, निवड होणार नाही बहुतेक, काम अपुरं दिसलं. मी म्हटलं, अपुरं आहेच. लवकर झोप.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा न घेता काठी उचलली. तिला म्हटलं, वही घे. बुजलेल्या पाटाच्या कडेकडेने गेलो, कारण चौथ्या फडाची वाट मला तशीच माहीत. नाल्यात थोडं पाणी होतं, तिने हात पुढे केला, मी धरला नाही. पलीकडे तो म्हातारा विहिरीजवळ म्हशीला पेंड घालत होता. मला पाहून घमेलं हातातच राहिलं.

मी म्हटलं, "भाऊ, त्या साली दुसरं पाणी मी वरून लावलं होतं. तुझ्याकडे आलंच नाही. तू खरं बोलला होतास."

त्याने घमेलं खाली ठेवलं. हात धोतराला पुसले. माझ्याकडे न बघता नातीला विचारलं, ही कोण? ती म्हणाली, मुलीची मुलगी. त्याने ओट्यावरचं पोतं झटकलं.

मी ओट्याच्या कडेला बसलो, काठी आडवी ठेवली, आणि नातीला म्हटलं, लिही. आता हा सांगेल.