कुव्याचा पास महाग झाला तेव्हा

मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. वडील सभेहून परतताना उरलेली पत्रकं पिशवीत घालून आणायचे. एका बाजूला विद्यापीठाच्या नामांतराची मागणी असायची, दुसऱ्या बाजूला माझी बाराखडी. त्यामुळे जगात कुठं अन्याय झाला की त्यावर पत्रक निघतं आणि पत्रक निघालं की लोक उठतात, अशी माझी लहानपणापासून समजूत होती. ज्या वर्षी मौतच्या कुव्याचा पास दहा रुपयांवरून अठरा रुपये झाला, त्या वर्षी मी पत्रक काढलं यात नवल नव्हतं. नवल पुढं घडलं.

सेलूत दरवर्षी थंडी ओसरताना जिनिंगच्या मागच्या मैदानात जत्रेचे खेळ उतरायचे. आकाशपाळणा यायचा, जादूवाला यायचा, आरशांचा तंबू यायचा. पण आमच्या गल्लीला त्यातल्या कशाचंच फार वेड नव्हतं. आमचा जीव मौतच्या कुव्यात. उभ्या फळ्या जोडून केलेला तो भला मोठा लाकडी पिंप, दोन मजले उंच. बाहेरून शिडी चढून वर जायचं, कठड्याला धरून आत वाकायचं. तळाशी एक बाई फटफटी घेऊन उभी असायची. पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, वेणी कॉलरच्या आत खोचलेली. ती तळाला दोन फेऱ्या मारायची, मग फटफटी भिंतीला लागायची, आणि भिंतीवरून ती आडवी होऊन वर वर यायची. जमीन तिच्या पायाखाली नाही, बाजूला असायची. सगळा कुवा थरथरायचा, कठडा हातात नाचायचा, पेट्रोलचा वास नाकात भरायचा. मी कितीदा तरी पाहिलं असेल. माणूस असं करू शकतं, हे डोळ्यांना दिसत असूनही पटायचं नाही.

रोज येणाऱ्यांसाठी मालकानं पास काढला होता. पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर शिक्का. जत्रा उठेपर्यंत जितके खेळ होतील तितके बघा. आमच्याकडं पासवाल्यांची एक रीत पडली होती. इतर गावांत लोक नोट धरायचे म्हणे, आमच्यात दस्ती, म्हणजे हातरुमाल, धरायची. बाई कठड्यापर्यंत वर आली की पासवाल्यानं हात आत लांबवून दस्ती धरायची, तिनं एका हातानं ती ओढून न्यायची आणि पुढच्या फेरीत त्याच माणसाच्या हातात परत द्यायची. ज्याची दस्ती गेली आणि आली, त्याला दिवसभर बाजारात मान.

माझ्या आत्याची दस्ती कधीच गेली नव्हती.

आत्या जिनिंगमध्ये सरकी वेगळी करायच्या मशीनवर होती. एका वर्षी कापसाबरोबर तिचा पदर ओढला गेला आणि पदर सोडवताना उजव्या हाताची दोन बोटं पेरापर्यंत गेली. त्यानंतर तिला मशीनवरून काढून कापूस निवडायला बसवलं. बोटांचं तिनं कधी बोलून दाखवलं नाही. पण तेव्हापासून एखादी गोष्ट हलताना दिसली की तिचा उजवा हात आपोआप छातीशी यायचा. सायकलचं चाक असो, पाळणा असो, जातं असो. ती त्या हातावर चिडायची. "माझाच हात हाय, पण माझं ऐकतच न्हाई," म्हणायची.

म्हणून ती दरवर्षी पास घ्यायची. रोज वर चढायची, दस्ती धरायची, आणि फटफटी जवळ आली की हात मागं. पहिल्या वर्षी बाई अर्धा कुवा दूर असतानाच हात मागं आला होता. गेल्या साली शेवटच्या दिवशी मात्र दस्तीचं टोक बाईच्या बोटांना लागलं होतं. "पंधरा दिस मिळाले की ह्या साली देतीच बग," असं आत्या दिवाळीपासून म्हणत होती. एका तिकिटानं ते होणारं नव्हतं. तिला रोज, पुन्हा पुन्हा, हाताला शिकवायचं होतं.

आणि पास अठरा रुपये झाला.

टेलरचाचाच्या दुकानात पासवाले जमले. टेलरचाचा आमच्यातला सगळ्यात जुना पासवाला. दस्त्यांना काठ शिवून द्यायचा, त्याचे पैसे घ्यायचा नाही.

"अठरा? कुवा सोन्याचा केला का काय?" एकजण म्हणाला.

"सुटं तिकीट घ्या म्हणतो. रुपया एक खेळाला," दुसरा म्हणाला.

"तुमी येकच बगून घरला जाता व्हय? तुमच्या बायकोला इचारतो," टेलरचाचा कात्री खाली ठेवत म्हणाला. "काल बी तीन बगितले, आन् तिला म्हणलात गिरणीत गर्दी व्हती."

सगळे हसले. मी नाही हसले. मी कॉलेजात होते, आणि हसण्यासारखं त्यात मला काही दिसत नव्हतं. मी तिथंच बसून पत्रक लिहिलं. 'आमच्या दस्त्यांवर ज्यांनी नाव कमावलं, त्यांनीच आमच्या खिशाला हात घातला आहे. भाव उतरेपर्यंत एकही पासवाला शिडी चढणार नाही.' खाली सह्या आणि अंगठे. चाचानं सही केली. मी कागद आत्यापुढं ठेवला.

तिनं तो वाचून घेतला. मग म्हणाली, "म्हंजे म्या बी चढायचं न्हाई?"

"आत्या, तूच चढलीस तर बाकीचे कसे थांबतील?"

तिनं कागद जवळ ओढला. मग डाव्या हातानं सही केली. उजव्या हातानं तिला आता लिहिता येत नव्हतं. त्या सहीकडं बघून मला अभिमान वाटला होता. आज तो अभिमान आठवला की मान खाली जाते. ती काय सोडत होती हे मला माहीत होतं. तरी मी तिला एकदाही विचारलं नाही की तुला हे परवडतं का.

पहिल्या दिवशी आम्ही तीसेक पासवाले कुव्याभोवती गोल उभे राहिलो. वर मोजकी परगावची माणसं तिकीट काढून गेली होती. आत फटफटी सुरू झाली. आम्ही बाहेरून फळ्यांना हात टेकले. वरून बघताना जे कधी कळलं नव्हतं, ते तळहाताला कळत होतं. ती भिंतीला लागली तो क्षण, वर चढू लागली तो क्षण, आपल्या हातासमोरून ती गेली तो क्षण. फळी आधी कुरकुरायची, मग तळहातातून काहीतरी धाडकन जायचं, आणि ते पुढच्या माणसाच्या हाताकडं निघून जायचं. चाचा डोळे मिटून उभा होता. "अल्ला," एवढंच म्हणाला.

आणि मला सुचलं. फळ्यांच्या जोडांमध्ये बोटभर फटी होत्या. मी ओरडले, "आपण आत नाही, पण आपल्या दस्त्या आत दिसू द्या! तिला कळू द्या आपण इथं आहोत!"

तीस दस्त्या निघाल्या. लोकांनी फटींतून त्या आत सरकवल्या. रीतच होती ती आमची, हात फक्त वरून खाली आला होता. मीही माझी घातली.

आत्या किंचाळली. तशी किंचाळी मी आधी ऐकली नव्हती. "काढा! काढा ते कापड! चाकात जाईल, वडून घेईल!" ती शेजाऱ्याच्या दस्तीवर झेपावली, ती ओढली, मग पुढची, मग पुढची. उजव्या हातानं. तेव्हा मला समजलं की मी काय करायला सांगितलं होतं. फिरत्या चाकापुढं सुटं कापड. सगळ्यांनी दस्त्या बाहेर खेचल्या. आत फटफटीचा आवाज फाटला, खाली आला, थांबला. वरची माणसं ओरडत होती. तळाचं दार उघडून बाई बाहेर आली.

तिच्या गालावर धूळ होती.

"किसने बोला ये?"

मी पुढं झाले. "मी."

"मारना है मेरे को?"

"आम्ही बहिष्कार टाकलाय," मी म्हणाले. "पास महाग केला म्हणून."

"तो सेठ को मारो ना! मेरे को काय को?"

आत्या मध्ये आली. तिनं आपला उजवा हात बाईपुढं धरला, तुटक्या बोटांसकट. "ह्या पोरीला ठावं न्हाई बाई. कापड मशीनीत गेलं की काय व्हतं ते मला ठावं हाय. तिच्या वतीनं माफी मागती."

बाईनं तो हात बघितला. मग तिनं तो हातात घेतला आणि उलटून पालटून बघितला, एखादं अवजार बघावं तसा. राग तिच्या चेहऱ्यावरून गेला नव्हता, पण बोलणं बदललं. तिनं सांगितलं की पावसाळ्यात दुसऱ्या गावी एक कुजकी फळी तिच्या जोडीदाराच्या चाकाखाली मोडली. तो अजून खाटेवर आहे. तिनं सेठला सांगितलं, सगळ्या फळ्या बदल, नाहीतर मी चढत नाही. सेठ हसला. ती चढली नाही. चार महिने ती तंबूबाहेर खाट टाकून बसली. दुसरी कुणी बाई त्याला मिळाली नाही. शेवटी फळ्या बदलल्या.

"पूरी लकडी नई है," ती फळीवर थाप मारत म्हणाली. "उसका पैसा अब तुमसे लेता है वो. लड़ो उससे. पर मेरे को गिरा के नहीं."

आम्ही सगळे फळ्यांकडं बघत राहिलो. त्या खरंच नव्या होत्या, पिवळसर, राळेचा वास येणाऱ्या. इतका वेळ आम्ही त्यांना हात लावून उभे होतो आणि कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. चार महिने एकटीनं बसलेली ती बाई, हातात कागद नाही, मागं सभा नाही, घोषणा नाही. संपाबद्दल मी जितकं वाचलं होतं तितकं कुणी वाचलं नसेल, आणि माझ्यासमोर उभा असलेला संप मला दिसला नव्हता. मला तिच्या तोंडाकडं बघायचं धाडस होईना.

त्या संध्याकाळी मी दुसरं पत्रक लिहिलं. त्याची पहिली ओळ अशी होती: 'पहिल्या पत्रकात आमची चूक झाली.' वडिलांनी ते वाचलं आणि चष्मा काढून म्हणाले, "इतकी पत्रकं वाचली, हे वाक्य पहिल्यांदा वाचतोय." त्यात लिहिलं होतं की फळ्या हव्यातच, पण तिच्या जिवाचा भाव एकट्या बघणाऱ्यांनी का भरायचा, मालकानंही भरावा. ते घेऊन आम्ही पंधरा जण मालकाकडं गेलो. तो एक पैसा उतरायला तयार नव्हता. चाचानं त्याच्याशी दोन तास हुज्जत घातली, मध्येच त्याच्या सदऱ्याची उसवलेली शिलाईही दाखवली. शेवटी मालक एवढ्यावर आला की एक पास घरातल्या दोघांनी वापरावा, पण एका वेळी एकानंच चढायचं. दोघं एकदम दिसले की पास जप्त.

बहिष्कार तिथं संपला. काहींना ती हार वाटली, अजूनही वाटते. मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

आत्या आणि मी मिळून एक पास घेतला. माझ्या वाटणीचे खेळ मी तिलाच देऊन टाकले. ती नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. त्यामुळे ती वर असताना मी खाली, फळीला हात लावून. रोज ती उतरायची आणि मी विचारायचे, "किती?"

"हातभर राह्यलं व्हतं."

"आज?"

"आज तर लांबूनच पळाला. इचारू नगं."

आठव्या दिवशी ती उतरली ती थेट घरी निघाली. घरी येऊन ताटावर बसली आणि उजव्या हाताकडं बघत राहिली.

नवव्या दिवशी ऊन उतरायच्या वेळचा खेळ होता. मी खाली उभी राहिले, दोन्ही तळहात फळीवर. फटफटी तळाला फिरली, भिंतीला लागली. माझ्या हातांतून ती पहिल्यांदा गेली, मग थोडी वरून, मग अजून वरून, इतकी की तळहातांना फक्त कंप उरला. इंजिनचा आवाज कठड्याशी पोचला तसा कळला. ती त्या उंचीवर एक फेरी फिरली. दुसरी फिरली. मग वरची सगळी माणसं एकदम ओरडली. आनंदानं की भीतीनं, खालून कळेना. मी हात काढले नाहीत. फळीतून कंप येतच होता, न अडखळता, एकसारखा, म्हणजे ती बाई अजून भिंतीवर होती. मग पुन्हा एक आरोळी, पहिल्यापेक्षा मोठी, आणि तिच्यात चाचाचा आवाज मला ओळखू आला.

फटफटी खाली आली. थांबली. शिडीवरून माणसं उतरू लागली. सगळ्यांच्या शेवटी आत्या. ती एकेक पायरी बघून उतरत होती आणि उजवा हात तिनं छातीशी धरलेला नव्हता. तो बाजूला, अंगापासून दूर, असाच लांब धरला होता, जणू तो अजून कठड्याच्या आतच आहे. मुठीत दस्ती होती, चाकाच्या धुळीनं काळी झालेली.

"नेली," ती म्हणाली. "आनि आनून दिली. म्या दोन्ही बारी हात मागं घेतला न्हाई."

चाचा मागून येत होता. "मी तर डोळेच मिटले," तो म्हणाला. "इसने नहीं मिटे."

आत्यानं माझ्याकडं बघितलं, मग पास माझ्या हातात दिला.

"जा, पुढचा खेळ तुझा. बग तरी ती कशी वर येती. म्या खाली उभी ऱ्हाती," ती म्हणाली, आणि दस्ती कमरेला खोचून तिनं उजवा हात फळीवर टेकवला.