वाळू आणि झाडू

"झाडू पेली छोकरीने आप. एना हाथने तो आदत होय."

झाडू त्या मुलीला दे, तिच्या हाताला सवय असेल, असं सर गुजरातीत हळूच बोलले, पण हॉल रिकामा होता. मला ऐकू आलं. वर्गातला एक जण हसला आणि झाडू माझ्या हातात देऊन गेला.

प्लेगनंतरचं वर्ष. सुरतेत जो तो स्वच्छतेवर बोलायचा. आमचे चित्रकलेचे सर बुद्धावर बोलायचे. परदेशातल्या बंडखोर चित्रकारांनी कॅनव्हास कोरा सोडायचं धाडस बुद्धाकडून घेतलं, असं वर्गात सांगायचे. मी भारावून ऐकायची. आता त्यांचं स्वतःचं प्रदर्शन होतं. जमिनीवर पांढरी वाळू, वाळूत रेघांची वर्तुळं, मधोमध काहीच नाही. नाव 'शून्य'.

त्याची इंग्रजी टीप मी लिहिली. इंग्रजी शाळेतली, म्हणून काम माझ्याकडे आलं. चार दिवस सरांनी मला शेजारी खुर्ची दिली. मग विचारलं, बुद्धाबद्दल इतकं कुठे वाचलंस?

"घरातच आहे, सर. आम्ही बौद्ध."

"अच्छा. महाराष्ट्रवाळा बौद्ध."

एवढंच. दुसऱ्या दिवशी खुर्ची नव्हती. झाडू होता. टीप छापून आली, खाली सरांचं नाव.

सांडलेली वाळू मी तीन दिवस झाडली.

रविवारी डिंडोलीच्या विहारात पप्पा झाडत होते. बँकेत घालायचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. पुढच्या रविवारी लूमवर जाणारे शेजारचे काका, मग मी. पाळीची यादी भिंतीवर असते. कुणी सुटत नाही. पप्पांकडे बघत राहिले. झाडूची मला कधीच लाज वाटली नव्हती. तो माझ्याच हातात का दिला, त्याची वाटत होती. ती लाज सरांची. मी कशाला वाहत होते?

सोमवारी पाहुणे आले. सर त्यांना माझीच वाक्यं ऐकवत होते. कुणाचा तरी बुटाचा पाय वाळूत पडला, रेघा मोडल्या, वाळू फरशीवर आली. सरांनी माझ्याकडे न बघता चुटकी वाजवली.

मी झाडू उचलला. चालत गेले आणि झाडू सरांपुढे धरला. सगळ्यांना कळेल अशा गुजरातीत म्हणाले,

"सर, ती टीप मी लिहिली आहे. आणि आमच्या विहारात झाडायची पाळी सगळ्यांवर येते. आज तुमची."