नावाचा साचा

प्रोग्रामिंग शिकायला लागून मला थोडेच महिने झाले होते. एका दवाखान्याच्या नावनोंदणीसाठी मी रेग्युलर एक्स्प्रेशन लिहिलं होतं, म्हणजे लिहिलेलं नाव बरोबर की चूक हे संगणकाने ओळखायचा अक्षरांचा साचा. आईला म्हटलं, "तुझं नाव लिहून बघ ना."

तिने एका बोटाने हळूहळू 'सुशीला' लिहिलं. खाली लाल अक्षरं उमटली, 'नाव चुकीचे आहे'. तिने ते पुसून पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. ती ओशाळून म्हणाली, "माझंच काहीतरी चुकतंय गं."

मी साचा उघडून पाहिला. साच्यात मी 'अ' ते 'ह' एवढीच अक्षरं घेतली होती. काना, वेलांटी, उकार संगणक वेगळे धरतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

साचा दुरुस्त केला, नाव स्वीकारलं गेलं, आई हसली. मला मात्र हसू येईना. नियम लिहिताना आपल्याला आपल्या ओळखीचीच नावं आठवतात. उद्या दवाखान्यात मला न आठवलेल्या नावाचं कुणीतरी येईल, आणि लाल अक्षरांपुढे उभं राहून स्वतःचीच चूक शोधत राहील.