कपाळावरचं लाल शिंग

माझ्या कपाळाला शिंग फुटणार, याबद्दल बाराव्या वर्षी मला तिळमात्र शंका नव्हती.

याचं कारण एक जपानी कार्टून. आमच्या शिनोली गावात नुकती केबल आली होती आणि दर रविवारी अकरा वाजता ते लागायचं. भाषा कुणालाच कळत नसे. पण त्यातला शाळकरी पोरगा वयात येतोय एवढं समजायचं. कारण तो लाजला की त्याच्या कपाळातून शिंग निघायचं, टोक झाकणासारखं उघडायचं आणि आतून विमान बाहेर पडायचं. एकदा तर अख्खं रेल्वे स्टेशन निघालं, हमालांसकट! मी आ वासून बघायचो. तव्यावरची भाकरी विसरून आई माझ्यामागे उभी असायची. "लई डोकं आसंल बाई बनवणाऱ्याला," ती हळूच म्हणायची.

तर एका शनिवारी मी गोठ्याच्या चौकटीला कपाळ आपटलं आणि लिंबाएवढं टेंगूळ आलं. दुसरा कुणी रडला असता. मी आनंदाने आरशाकडे पळालो.

आता शिंगाची निगा राखायला हवी होती, आणि ती मी जन्मापासून बघत होतो. बैल बाजाराला न्यायचा असला की माझे वडील, म्हणजे दादा, त्याची शिंगं घासायचे, तेल लावायचे आणि लाल ऑइलपेंट मारायचे. घासणं मी एकदाच करून पाहिलं. (कुणी करू नये.) तेल चोपडलं. रंगाचे मात्र दोन हात दिले, पहिला वाळल्यावर दुसरा.

रविवारी सकाळी मला बघून आई मटकन खाली बसली. त्याच दिवशी सुमाताईला बघायला बेल्ह्याहून पाहुणे येणार होते. आधीची दोन स्थळं परत फिरली होती आणि हे ताईच्या मनात भरलं होतं. दादांनी रॉकेलच्या बोळ्याने माझं कपाळ घासलं. रंग गेला नाही, टेंगूळ तेवढं दुप्पट झालं.

"माळ्यावर बस. खोकलास तर बग," दादा म्हणाले.

बसलोही असतो. पण अकरा वाजत आले आणि टीव्ही खाली होता. शिडीवरून गुपचूप उतरताना पाय सटकला आणि मी पोह्यांच्या बशांमध्ये, पाहुण्यांच्या मधोमध अवतरलो.

नवऱ्या मुलाचे वडील रामभाऊ बैलांचे व्यापारी. त्यांनी माझं कपाळ बराच वेळ निरखलं.

"ह्ये काय हाय, पावणं?"

"पडलाय," आई म्हणाली.

"पडून रंग येतो व्हय? घराण्यात आजून कुणाला हाय का आसं?"

माझ्या कपाळापायी ताईचं तिसरं स्थळ चाललं होतं, आणि मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

तेवढ्यात, मान खाली घालून बसलेली ताई उठली, तिने टीव्ही लावला आणि ती रामभाऊंना म्हणाली, "मामा, ह्ये बगून त्यानं रंग फासलाय. आदी बगा, मग काय ते बोला."

पडद्यावर शिंग उघडलं. आतून एकामागून एक वीस हत्ती निघाले आणि छत्र्या उघडून आभाळात तरंगू लागले. रामभाऊंचा चहा धोतरावर सांडत होता, त्यांना पत्ता नव्हता. "आयला," ते देवळात बोलावं तसं बोलले.

इतका वेळ पायाचा अंगठा बघत बसलेला नवरा मुलगा म्हणाला, "मागल्या रविवारी टेशन निगालं व्हतं."

ताईने मान वर केली. "हमालांसकट," ती म्हणाली.

लग्न तिथेच ठरलं. बाकीची बोलणी नावापुरती झाली.

निघताना रामभाऊंनी माझी हनुवटी धरली आणि बाजारात खोंडाचं वय बघतात तसा अंगठ्याने माझा ओठ उचलला. "दुधाचा दात हाय आजून," ते गंभीरपणे म्हणाले. "शिंगाला अवकाश हाय. थांब जरा."

मी थांबलो. दुधाचा दात पडला, पुढे दोन दाढाही गेल्या. कपाळ तर वाढत वाढत आता मागे मानेपर्यंत पोचलंय. जागा मोप आहे. पण विमान राहू दे, अजून साधा एक हमालसुद्धा बाहेर आलेला नाही.